उन्हाळ्यात बीबीटीव्ही येतो, सीएमव्ही येत नाही: केळीच्या पीसीआरचं दरवर्षीचं दुखणं कसं शोधायचं

एप्रिल उजाडला की खानदेशात पीसीआरने, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या प्रती गरम-थंड सायकलमध्ये दुपटीने वाढवून, केळीची रोपं तपासणाऱ्या लॅबमध्ये एकच तक्रार सुरू होते. पर्णगुच्छाचा, म्हणजे बीबीटीव्हीचा पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात विषाणू नक्की आहे अशी नळी) नेहमीच्या सीटीला, म्हणजे नेहमीच्या सायकलला येतो. सीएमव्हीचा, ज्याला शेतकरी हरण्या म्हणतो, तो तीन-चार सायकल उशिरा येतो नाहीतर येतच नाही. जोडीला एनटीसीमध्ये, म्हणजे सॅम्पल न घातलेल्या कोऱ्या नळीत, 36-37 ला वक्राचं शेपूट दिसू लागतं. किट बदललं की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच.

हे नेमकं उन्हाळ्यातच का, याचं उत्तर कामाच्या वेळापत्रकातही आहे. मृगबागेची लागवड जून-जुलैत होते, त्यामुळे टिश्यू कल्चरच्या बॅचेस तपासून मोकळ्या करायची घाई एप्रिल-मेमध्ये असते. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास असतो तोही तेव्हाच. सगळ्यात जास्त सॅम्पल आणि सगळ्यात वाईट हवामान एकाच महिन्यात. इथे चुकलेला एक निगेटिव्ह रिपोर्ट थेट कुणाच्या तरी शेतात जातो. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी 4444 रोपं बसतात आणि पुढचा प्रसार मावा करतो. म्हणून दुखणं मुळातून शोधायला हवं, नुसतं किट बदलून भागत नाही.

गैरसमज कुठे आहे

"टॅक उष्णता सहन करतं, मग किट थोडा वेळ बाहेर राहिलं तर काय बिघडतं?" हे वाक्य जवळपास प्रत्येक लॅबमध्ये ऐकू येतं. टॅकपुरतं ते बरंचसं खरंही आहे. टॅक म्हणजे डीएनएच्या प्रती बनवणारं एन्झाइम (पॉलिमरेज), थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी तो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांतून वेगळा करून 1969 मध्ये त्याचं वर्णन छापलं. चोपडा तालुक्यात उनपदेवला जशी जमिनीतून गरम पाण्याची धार येते, तशाच पाण्यात राहणारा, 70 अंशांच्या आसपास सुखाने वाढणारा हा जीव. त्याच्यातून पॉलिमरेज वेगळं झालं 1976 मध्ये, आणि पीसीआरमध्ये ते 1988 पासून रुळलं. त्याआधी क्लेनो हे एन्झाइम वापरत. ते प्रत्येक डिनॅचुरेशनला (डीएनएचे धागे तापवून सुटे करताना) मरायचं, म्हणून दर सायकलला झाकण उघडून नवं घालावं लागे.

पण नळीत टॅक एकटं नसतं. सीएमव्ही हा आरएनए विषाणू, त्यामुळे आधी आरएनएचा सीडीएनए (त्याची डीएनए प्रत) व्हायला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरटी) हे एन्झाइम लागतं. सर्रास वापरलं जाणारं एम-एमएलव्ही उंदराच्या विषाणूतून आलेलं आहे, म्हणजे मूळचं 37 अंशांवर काम करणारं. सुधारलेली रूपं 50-55 पर्यंत चालतात, तरी टॅकची बरोबरी करत नाहीत. मूळ एम-एमएलव्ही 70 अंशांवर 15 मिनिटांत निकामी होतं. बीबीटीव्ही मात्र डीएनए विषाणू. त्याला आरटीची गरजच नाही. एक येतो आणि दुसरा येत नाही, या लक्षणातच बरंचसं निदान आहे: टॅक ठीक आहे, बिघाड आरटीत आहे किंवा आरएनएमध्ये.

आरटी मेलं की आरएनए सडलं

हे ठरवायला एका रनमध्ये चार नळ्या पुरतात, प्रत्येकी दोन-दोन प्रतींत.

पहिल्या नळीत सीएमव्हीचा प्लाझ्मिड (त्याचा तुकडा घातलेला गोल डीएनए) किंवा आधीच तयार असलेला सीडीएनए घाला, मिक्स जुनंच. आरटीची पायरी इथे वगळली जाते. सीटी नेहमीसारखा आला तर टॅक, प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे), प्रोब (प्रत बनली की चमकणारा तुकडा), डीएनटीपी (प्रतीचा कच्चा माल), मॅग्नेशियम सगळं निर्दोष. तिथे हात लावू नका.

दुसऱ्या नळीत उणे 80 ला ठेवलेला, लहान भाग पाडलेला खात्रीचा सीएमव्ही आरएनए, जुन्या आरटीसोबत. तिसऱ्या नळीत तोच आरएनए, नव्या आरटीसोबत. दुसरी उशिरा आणि तिसरी वेळेवर आली तर जुनं आरटी संपलं. दोन्ही वेळेवर आल्या तर रोजच्या कंट्रोलचा आरएनएच तुटला आहे. बहुतेक वेळा तीच नळी पुन्हा पुन्हा विरघळवून गोठवलेली असते.

चौथ्या नळीत अर्धा खात्रीचा आरएनए आणि अर्धा शेतातल्या सॅम्पलचा आरएनए. खात्रीचा आरएनए निम्मा झाल्यामुळे सीटी सुमारे 1 ने वाढणं अपेक्षितच आहे. त्याहून फार वाढला तर सॅम्पलमधून इन्हिबिटर, म्हणजे रिॲक्शन अडवणारा पदार्थ, येतो आहे.

सीटीचा हिशेब हाताशी ठेवा. 1 सीटीचा उशीर म्हणजे निम्मं गेलं, 3.3 चा उशीर म्हणजे दहातलं नऊ भाग गेलं. कटऑफ 35 असेल आणि एखादं हलकं पॉझिटिव्ह रोप खरं तर 33 ला येणारं असेल, तर दहातले नऊ भाग मेलेल्या आरटीमुळे ते 36.3 ला जातं आणि रिपोर्टवर "निगेटिव्ह" छापलं जातं. जोरदार पॉझिटिव्ह सॅम्पल 22 चं 25 झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फक्त जोरदार कंट्रोल लावणारी लॅब हा बिघाड महिनाभर चालवते. 30-32 च्या आसपास येणारा हलका कंट्रोल प्रत्येक रनमध्ये हवाच. यात तडजोड करू नये.

इथे एक सापळा आहे. केळीचा ॲक्टिन जीन इंटर्नल कंट्रोल (प्रत्येक सॅम्पलमध्ये मुळातच असणारा कंट्रोल) म्हणून लावतात आणि तो आला की रन पास करतात. पण आरएनए काढताना डीएनए सोबत येतोच, आणि त्या डीएनएवरूनही ॲक्टिन वाढतो. आरटी पूर्ण मेलेलं असलं तरी तो छान 24 ला दिसेल. त्यासाठी प्रायमर दोन एक्सॉनच्या जोडावर (जो आरएनएत असतो, मूळ डीएनएत नसतो) बसणारे घ्या, किंवा आरएनए डीएनेजने (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने) साफ करा. शिवाय दर बॅचला एक नळी आरटी न घालता लावा. त्या नळीतही ॲक्टिन त्याच सीटीला आला, तर तुमचा इंटर्नल कंट्रोल आरटीबद्दल काहीच सांगत नाही.

आरटी मरतं कुठे

बहुतेकदा फ्रीजमध्ये. लहान लॅबमध्ये घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा वरचा कप्पा एन्झाइमसाठी वापरतात. असा फ्रीज बर्फ साचू नये म्हणून स्वतःहून थोड्या थोड्या वेळाने गरम होतो, आणि एन्झाइम दिवसातून अनेकदा तापमानाचे हेलकावे खातं. हाताने बर्फ काढावा लागणारा डीप फ्रीझरच घ्या आणि एन्झाइम आत थर्मोकोलच्या डब्यात ठेवा. एन्झाइम 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं, त्यामुळे उणे 20 ला ते पातळच राहतं. ते गोठलेलं दिसलं तर फ्रीझर गरजेपेक्षा फार थंड चालतो आहे किंवा कुणीतरी ते पातळ केलं आहे.

लोडशेडिंगची खूण पकडायला सोपा उपाय आहे. एका छोट्या नळीत पाणी उभं गोठवा, बर्फावर झाकणात मावेल एवढी धातूची लहान चकती ठेवा, झाकण लावून एन्झाइमशेजारी उभी करा. रोज सकाळी बघा. चकती बर्फात रुतलेली किंवा तळाशी गेलेली दिसली, तर रात्री कधीतरी सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. मॅक्स-मिन थर्मामीटर असेल तर उत्तमच, त्याचा प्रोब ग्लिसरॉलच्या बाटलीत बुडवून ठेवा, म्हणजे दार उघडताच आकडा उड्या मारणार नाही. फ्रीझरच्या रिकाम्या जागेत जेल पॅक भरून ठेवले की वीज गेल्यावर थंडी बरीच जास्त टिकते.

दुसरी जागा कुरिअर. मुंबई-पुण्याहून शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार गोडाऊनमध्ये पडून राहतं. ऑर्डर अशी द्या की माल सोमवारी किंवा मंगळवारी निघेल, आणि उन्हाळ्यात जेल पॅकऐवजी ड्राय आइस मागा. खोकं उघडताच आतलं तापमान आणि वेळ लिहून ठेवा. जेल पॅक कोमट पाणी झाले असतील तर फोटो काढा, आणि वरची दुसरी-तिसरी नळी लावून जुन्या चांगल्या लॉटशी ताडून पाहिल्याशिवाय ते किट वापरात घेऊ नका.

तिसरी जागा टेबल. बर्फाची बादली मे महिन्यात तासाभरात पाण्याची होते आणि नळ्या त्यात तरंगतात. ॲल्युमिनियमचा ब्लॉक रात्रभर उणे 20 ला ठेवून त्यावर काम करा, असे दोन ब्लॉक आलटून पालटून वापरा. एन्झाइम सगळ्यात शेवटी बाहेर काढा, टिपचं टोक पृष्ठभागाला जेमतेम लावून उचला, कारण बुडवलेल्या टिपच्या बाहेर चिकटलेलं ग्लिसरॉल मोजात न येता जातं, आणि लगेच परत ठेवा.

टॅकचा खरा त्रास: ते गरम खोलीत आधीच काम सुरू करतं

साध्या पीसीआरवर जेल चालवणाऱ्यांना हे जास्त भोवतं. टॅक 70 अंशांना सेकंदाला 60 च्या वर न्यूक्लिओटाइड जोडतं, 37 अंशांना दीडएक. दीड म्हणजे कमीच, पण शून्य नव्हे. एसी नसलेल्या 40 अंशांच्या खोलीत पूर्ण तयार नळी पंधरा मिनिटं टेबलावर राहिली, तर एकमेकांना दोन-चार बेसेसवर चिकटलेले प्रायमर वाढवून डायमर करायला एवढा वेग भरपूर झाला. मग जेलमध्ये 50 बेसपेअरच्या खाली जाड पट्टा, खरा बँड फिका. हिवाळ्यात हीच रेसिपी स्वच्छ चालते, म्हणून संशय खोलीवर जात नाही, प्रायमरवर जातो आणि नवे प्रायमर मागवले जातात.

उपाय हॉट-स्टार्ट टॅक. तेही दोन प्रकारचं असतं, आणि तिथे घोटाळा होतो. अँटिबॉडीने बांधलेलं 95 अंशांना 1-2 मिनिटांत मोकळं होतं. रासायनिक पद्धतीने झाकलेल्याला सहसा 10 मिनिटं लागतात. एका कंपनीचं संपलं म्हणून दुसऱ्या कंपनीचं आणलं आणि प्रोग्राम तोच 2 मिनिटांचा ठेवला, तर सगळेच सीटी उशिरा येतात, बीबीटीव्हीचेही. दोन्ही विषाणू सारखेच मागे सरकले असतील तर आधी किटसोबतचा कागद काढून ही वेळ तपासा.

हॉट-स्टार्ट परवडत नसेल तर 25 मायक्रोलीटरची साधी रिॲक्शन अशी लावा: 10 पट बफर (मॅग्नेशियमविना) 2.5, 25 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड 1.5, प्रत्येकी 10 मिलिमोलर डीएनटीपी मिक्स 0.5, 10 मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर 0.5-0.5, टॅक (5 युनिट प्रति मायक्रोलीटर) 0.2, टेम्प्लेट 2, पाणी 17.3. 0.2 मायक्रोलीटर एकेका नळीत अचूक मोजता येत नाही, त्यामुळे मास्टर मिक्सच (सगळ्या नळ्यांचं एकत्र मिश्रण) करा, एक-दोन रिॲक्शन जास्तीच्या धरून. सगळं थंड ब्लॉकवर करा, सायकलर आधीच 95 ला नेऊन थांबवा आणि नळ्या थंड ब्लॉकवरून सरळ तापलेल्या ब्लॉकमध्ये टाका. एवढ्याने डायमर बराच उतरतो. मॅग्नेशियम क्लोराइड गोठून वितळताना नळीत खाली घट्ट आणि वर पातळ होतं, म्हणून पूर्ण वितळवून नीट व्हॉर्टेक्स करूनच घ्या. डीएनटीपी 20-25 मायक्रोलीटरच्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. वारंवार वितळवलेल्या डीएनटीपीचे ट्रायफॉस्फेट तुटत जातात आणि मग बँड हळूहळू फिका होतो, एका दिवसात जात नाही.

बँड फिका झाला की डिनॅचुरेशन वाढवायचं, हा उलटा पडणारा उपाय. 95 अंशांवर टॅकचं अर्धायुष्य सुमारे 40 मिनिटं. सुरुवातीची 5 मिनिटं आणि 35 सायकल अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या मिळून साडेबावीस मिनिटं होतात, शेवटी दोन-तृतीयांश एन्झाइम शिल्लक राहतं. तेच 10 मिनिटं आणि 40 सायकल एकेका मिनिटाच्या केल्या तर 50 मिनिटं, उरतं 42 टक्के. 97.5 अंशांना तर अर्धायुष्य 10 मिनिटांच्याही खाली येतं. उष्णता सहन करतं याचा अर्थ कितीही सहन करतं असा नाही. 94 अंश, 20-30 सेकंद पुरेसे आहेत.

एनटीसी पॉझिटिव्ह: आधी कूलर बंद करा

उन्हाळ्यात एनटीसी बिघडण्याचं आपल्याकडचं मोठं कारण खिडकीतला डेझर्ट कूलर आहे. पीसीआर झालेल्या एका नळीत लक्ष्य तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. जेल भरताना झाकण उघडलं की त्यातला सूक्ष्म तुषार हवेत जातो, आणि जोराची ओली हवा फेकणारा कूलर तो पॅसेजमधून सरळ मास्टर मिक्सच्या टेबलावर आणतो. छताचा पंखाही हेच करतो, फक्त कमी जोराने. मास्टर मिक्सच्या खोलीत कूलर आणि पंखा दोन्ही नकोत. लॅबच्या बजेटमध्ये एकच एसी बसत असेल तर तो याच खोलीत लावा, जेलच्या खोलीत नाही, आणि दार बंद ठेवा. नळी उघडायचीच नसणारी रिअल-टाइम पद्धत इथे खूप सोयीची पडते.

एनटीसी कशामुळे आला हे असं ओळखा. सायबर ग्रीन (कुठल्याही दुहेरी डीएनएला चिकटून चमकणारा रंग) असेल तर मेल्ट कर्व्ह (डीएनए किती अंशांना सुटतं त्याचा आलेख) बघा: खऱ्या उत्पादनापेक्षा कमी तापमानाला शिखर आलं तर तो प्रायमर डायमर, उपाय वरच्याच भागात. त्याच तापमानाला आलं तर कॅरीओव्हर, म्हणजे जुन्या रनचं उत्पादन आत आलं. प्रोब असेल तर डायमर सहसा दिसतच नाही, म्हणून प्रोबच्या एनटीसीमधला वक्र गांभीर्याने घ्या. एक्स्ट्रॅक्शनचा ब्लँक (पान न घालता केलेलं एक्स्ट्रॅक्शन) वेगळा लावा. पीसीआरचा एनटीसी स्वच्छ आणि एक्स्ट्रॅक्शनचा ब्लँक पॉझिटिव्ह असेल तर मास्टर मिक्स निर्दोष आहे, पाणी पाने कुटण्याच्या टेबलावर मुरतं आहे.

सफाईसाठी बाजारातलं 4-5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट दहा पट पातळ करून रोज ताजं बनवा. उकाड्यात पातळ ब्लीच लवकर उतरतं, कालच्या बाटलीचा भरवसा नाही. टेबल, पिपेट, स्टँड यांवर 10 मिनिटं राहू द्या, मग पाण्याने आणि 70 टक्के अल्कोहोलने पुसा. एक गोष्ट कधीच करू नका: आरएनए किटच्या लायसिस बफरमध्ये ग्वानिडिन असतं, त्याच्या सांडलेल्या थेंबांवर किंवा कचऱ्यावर ब्लीच ओतू नका. विषारी वायू निघतो. ते आधी पाण्याने पुसून काढा.

डीयूटीपी (डीटीटीपी या नेहमीच्या घटकाऐवजी वापरायचा) आणि यूएनजी (डीयूटीपीने बनलेलं डीएनए तोडणारं एन्झाइम) असलेलं मिक्स जुने तुकडे रन सुरू होण्याआधीच तोडतं, पण तुमच्या लॅबमधली जुनी उत्पादनं साध्या डीटीटीपीवर बनलेली असतील तर त्यांचं ते काही करू शकत नाही. आणि वन-स्टेप आरटी-पीसीआरमध्ये (आरटी आणि पीसीआर एकाच नळीत) उष्णतेने पटकन मरणारं यूएनजीच हवं, नाहीतर आरटीच्या पायरीत बनणारा नवा सीडीएनएच ते तोडेल.

यंत्र आणि सॅम्पल

सायकलरचं फार लांबण लावत नाही. बहुतेक यंत्रं 30 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनलेली असतात. त्याहून जास्त उकाड्यात पेल्टियर ब्लॉक (नळ्या गरम-थंड करणारा) थंड व्हायला वेळ घेतो आणि 4 अंशांचा होल्ड गाठतच नाही. मागची जाळी धुळीने भरली असेल तर आणखी वाईट, म्हणून मार्च-एप्रिलच्या वावटळीनंतर ती साफ कराच. शंका असेल तर एकच मिक्स सगळ्या विहिरींत घालून रन करा. कडेच्या विहिरी मधल्यांपेक्षा अर्ध्या सीटीहून जास्त वेगळ्या आल्या तर यंत्र सर्व्हिसला द्या. रन संपल्यावर 25 मधले 20 मायक्रोलीटरही उरले नसतील तर झाकण किंवा सील नीट बसत नाही. आरटीच्या पायरीत वीज गेली तर रन टाकून द्या, तसाच पुढे चालू ठेवू नका.

सॅम्पलबद्दल मात्र कडक राहा. रावेर-यावलहून दुचाकीच्या डिकीत, बंद प्लास्टिकच्या पिशवीत आलेलं पान लॅबमध्ये पोहोचेपर्यंत घामेजलेलं आणि काळं पडलेलं असतं. त्यातला डीएनए बराचसा टिकतो, आरएनए नाही. म्हणजे पुन्हा तेच चित्र, बीबीटीव्ही येतो आणि सीएमव्ही येत नाही, आणि यावेळी आरटी बिचारं निर्दोष असतं. कोवळ्या पानाचा देठाकडचा भाग कोरड्या कागदात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅकसोबत मागवा, पान जेल पॅकला थेट चिकटणार नाही असं. उशीर होणारच असेल तर तुकडे तिथेच आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवायला लावा.

केळीच्या पानात पॉलिफिनॉल आणि पॉलिसॅकराइड भरपूर. सीटॅब बफरमध्ये (पानातून डीएनए-आरएनए काढायच्या द्रावणात) 2 टक्के पीव्हीपी (पॉलिफिनॉल पकडणारं) घाला, बीटा-मरकॅप्टोइथेनॉल वापरायच्या वेळीच टाका आणि फ्यूम हुडखाली. 260/280 (प्रकाश शोषणावरून शुद्धता दाखवणारं गुणोत्तर) चांगलं 1.8 आलं तरी 260/230 बघा. ते 1 च्या आसपास असेल तर इन्हिबिटर आहे. टेम्प्लेट दहा पट पातळ करून लावा. सीटी 3.3 ने वाढायला हवा. तो जेमतेम वाढला किंवा उलट कमी झाला, तर निदान पक्कं. पातळ करूनच तपासा, किंवा रिॲक्शनमध्ये बीएसए (इन्हिबिटर पकडणारं प्रथिन) 0.4 मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलीटर पडेल असं घाला.

आधी गेलेल्या रिपोर्टचं काय

आरटी मेलेलं सापडलं की नवं किट लावून पुढे जायची घाई होते. थांबा. हलका कंट्रोल शेवटचा वेळेवर कधी आला ती तारीख रजिस्टरमधून काढा. त्यानंतरचे सगळे सीएमव्ही निगेटिव्ह संशयास्पद धरा, बीबीटीव्हीचे निकाल त्यांच्या स्वतःच्या कंट्रोलवर तपासा. उणे 80 ला ठेवलेल्या आरएनएवरून ते सॅम्पल पुन्हा लावा. आरएनए ठेवलेला नसेल तर नर्सरीकडून त्याच बॅचची पानं पुन्हा मागवा आणि रोपं अजून शेडमध्ये असतील तर निकाल येईपर्यंत गाडी भरू नका, असं त्याच दिवशी फोन करून आणि लेखी कळवा. बॅच शेतकऱ्याकडे गेली असेल तर नर्सरीमार्फत त्यालाही कळवा. सीएमव्ही पसरवणारा मावा कपाशीवर आणि काकडीवर्गीय पिकांवरही असतो, त्यामुळे त्या शेताच्या बांधालगत ही पिकं आहेत का हेही विचारून घ्या. तिथली तपासणी आधी लावा.